रोजची भाकर

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना बोलता यायला लागल्यापासून पाठ असते. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात रविवारच्या उपासनेला पाळकाच्या मागोमाग सगळी मंडळी ती एका सुरात म्हणते. त्या प्रार्थनेच्या मधोमध एक शब्द येतो, भाकर. देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा अशा आकाशाएवढ्या गोष्टी बोलून झाल्या की प्रार्थना एकदम खाली उतरते आणि चुलीपाशी येऊन बसते.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘आर्तोस’ म्हणजे रोटी आहे. खरी अडचण तिच्या विशेषणाची. ‘एपिऊसिओस’ हा शब्द मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत याच एका प्रार्थनेत येतो, बायबलमध्ये इतरत्र कुठेही नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडितालाही तो कोड्यात टाकणारा वाटला. ग्रीक हीच त्याची भाषा होती, तरी तो म्हणाला की हा शब्द लोकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. पुढे जेरोमने लॅटिन भाषांतर केले, तेव्हा लूकमध्ये त्याचा अर्थ ‘रोजची’ असा लावला आणि मत्तयमध्ये ‘सत्त्वापलीकडची’ असा. एकच शब्द, एकच भाषांतरकार आणि दोन अर्थ. त्या दुसऱ्या अर्थाचा धागा पकडून ही भाकर म्हणजे केवळ आत्मिक अन्न, असे सांगणारी प्रवचने आजवर होत आली आहेत.

मराठीत मात्र ‘भाकर’ या शब्दातून पीठ काही झटकता येत नाही. तो कानावर पडला की परातीवरची थाप ऐकू येते, तव्यावरचा पापुद्रा फुगताना दिसतो. गोव्यात कोंकणी ख्रिस्ती याच जागी ‘गिरास’ म्हणतात. गिरास म्हणजे ग्रास, घास. तिथे घराघरांत पाव पोचवणारा पोदेर रोज दारात येतो, पण प्रार्थनेत पाव आला नाही, घास आला. भुकेल्याला जे जवळचे वाटते तेच या दोन्ही भाषांनी उचलले, आणि त्यात त्या मूळ वचनाच्या अधिक जवळ गेल्या असे म्हणावेसे वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना पुरलेल्या पाच भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या. बेथलेहेम या गावाच्या नावाचा हिब्रू अर्थच ‘भाकरीचे घर’.

‘रोजची’ या शब्दामागे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली रानातली गोष्ट उभी आहे. इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो ज्या त्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. बाजरीचे पीठ चार दिवस राहिले तरी कडवट होते, हे जिला ठाऊक आहे तिला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पंडिता रमाबाईंना तर एका दिवसाच्या भाकरीची ही ओढ अंगावरच्या जखमेसारखी ठाऊक होती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीत गेली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे विद्वान कुटुंब पाने खाऊन दिवस काढत होते. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. 1900च्या दुष्काळानंतर त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार मुली आणि बायका राहत होत्या.

दोन हजार माणसांसाठी ‘आमची रोजची’ असे म्हणणे काय असेल! रमाबाईंच्या कामाला अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, ती मुदत 1898 साली संपली. आता ठरलेली रक्कम येईल अशी हमी उरली नव्हती. रमाबाईंनी जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते, माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागायचे हा रमाबाईंचा मार्ग त्यातून पक्का झाला. पण मागणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. पुणे-दौंड मार्गावरच्या त्या कोरड्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, माग आणि छापखाना चालू झाला. रमाबाईंच्या प्रार्थनेचे सर्वांत विश्वसनीय भाष्य त्या विहिरींत आहे.

त्या प्रार्थनेतला ‘आमची’ हा शब्दही निसटू देऊ नये. तिथे ‘माझी’ भाकर नाही. कवी नारायण वामन टिळकांच्या नगरच्या घरी दुष्काळातली अनाथ मुले सांभाळली गेली, बालकवी ठोंबरेही तिथेच राहिले. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे आणि त्या दातृत्वाची झळ कुणाला लागत होती, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मन मोकळे करून लिहिले आहे. 1917 साली टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरीही सोडली. अशा घरात जी बाई रोज भाकरी थापते, तिची श्रद्धा व्यासपीठावरून बोलणाऱ्याच्या श्रद्धेपेक्षा उणी कशी मानावी? सेवाकार्याच्या इतिहासात टिळकांना पाने मिळतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःची पाने स्वतः लिहिली, हे मराठीचे भाग्य.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध बायबल मराठीत आणत होत्या. संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी सोपी मराठी निवडली. जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला ते वाचता यावे, हीच त्यांची कसोटी होती. 1921च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि सबंध ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला.

तो छापला केडगावच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला सदनातल्या मुली-बायका होत्या. अक्षरओळख त्यांना सदनातच झालेली, आणि त्यांच्यातल्या कितीतरी दुष्काळाच्या वाटेने तिथे आलेल्या. मत्तयच्या सहाव्या अध्यायाचे, म्हणजे याच प्रार्थनेचे पान त्याच हातांखालून गेले.