सदोष वाणीचा अधिकार

परकी भाषा व्यवहारापुरती शिकणाऱ्याला ती बोलण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता भाषाशिक्षणाचा वाटला, तरी भारतीय परंपरेत तो धर्मविचाराच्या अंगाने फार पूर्वी चर्चिला गेला आहे. शब्द अशुद्ध असताना अर्थ पोहोचतो का, आणि पोहोचत असेल तर शुद्धीचा आग्रह कशासाठी, हे दोन प्रश्न व्याकरणकारांनी एकमेकांपासून वेगळे केले, आणि व्यवहारापुरत्या भाषेचे समर्थन कोठवर करता येते हे पाहण्यासाठी हे वेगळेपण मोलाचे ठरते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पतंजलीच्या महाभाष्याचे पहिले आह्निक, म्हणजे एका दिवसाच्या पाठाइतका भाग, ‘पस्पशा’ या नावाने ओळखले जाते. तेथे पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने लिहिलेल्या वार्तिकाचा, म्हणजे पूरक टिपणाचा, आशय असा मांडला आहे की व्याकरणसंमत अशा साधुशब्दाने जसा अर्थ कळतो तसाच तो अपशब्दानेही कळतो (अपशब्द म्हणजे येथे अशुद्ध रूप, आजच्या मराठीतील शिवी नव्हे), आणि शास्त्र जो नियम घालते तो धर्मासाठी, म्हणजे शुद्ध प्रयोगाने लाभणाऱ्या अभ्युदयासाठी घालते. याच आह्निकात काही ऋषींचा उल्लेख येतो. ‘यद्वा नः, तद्वा नः’ असे म्हणण्याऐवजी ते ‘यर्वाणः, तर्वाणः’ असे उच्चारीत, आणि त्यावरूनच त्यांना नाव पडले. परंतु यज्ञकर्मात मात्र ते असा उच्चार करीत नसत. असुरांचा पराभव झाला तो यज्ञात अपशब्द वापरल्यामुळे, असे भाष्यकार सांगतात. पतंजली शैथिल्याचा पुरस्कर्ता मुळीच नव्हता, व्याकरणाच्या अध्ययनाची आवश्यकता पटवून देण्यासाठीच त्याने हे सारे लिहिले. आणि म्हणूनच ज्यांना परापर विद्येचे ज्ञान होते अशा ऋषींच्या नित्याच्या बोलण्यातील अशुद्धी त्याने दोष म्हणून मोजली नाही, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण ठरते.

पुढील काळात या भेदावर सूक्ष्म वाद झाला. शब्दाच्या ठिकाणी अर्थबोध करून देण्याचे जे सामर्थ्य असते त्याला ‘शक्ती’ म्हणतात. अपशब्दात अशी शक्ती नसते, ऐकणाऱ्याला ती असल्याचा केवळ भ्रम होतो आणि त्या भ्रमातून अर्थ कळतो, असे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, मानले. काशीत राहून ग्रंथरचना करणाऱ्या नागेशभट्टाने, काळे उपनावाच्या या महाराष्ट्रीय वैयाकरणाने, अपभ्रंशालाही, म्हणजे अशुद्ध रूपालाही, शक्ती असते असा पक्ष घेतला, कारण ज्याला शुद्ध रूप ठाऊकच नाही अशा माणसालाही अशुद्ध शब्दापासून अर्थ थेट कळतो. अडखळत बोलणाऱ्या परदेशी माणसाच्या दृष्टीने नागेशाचा पक्ष केवळ उदार नाही, तर अनुभवाशी अधिक जुळणाराही आहे: त्याच्या बोलण्यात शब्दाचे लिंग चुकलेले असते, प्रत्यय गळलेला असतो, आणि तरीही ऐकणारा त्याला वाट दाखवतो किंवा औषध देतो.

मात्र सदोषतेचे एवढे समर्थन पुरेसे नाही, कारण सर्व चुका एका जातीच्या नसतात. वैदिक वाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या मीमांसेत ‘पिकनेमाधिकरण’ नावाची एक चर्चा आहे. पिक, नेम यांसारखे शब्द वेदात येतात, पण आर्यांच्या व्यवहारात ते रूढ नाहीत, म्लेच्छांच्या व्यवहारात आहेत. मग त्यांचा अर्थ धातूंवरून व्युत्पत्ती लावून ठरवावा की म्लेच्छांकडून घ्यावा? मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांचा निर्णय असा की जे तो शब्द वापरतात त्यांचाच अर्थ घ्यावा, म्हणजे पिक हा कोकिळ आणि नेम म्हणजे अर्धा. या चर्चेत सातव्या शतकातील कुमारिलभट्टाने द्राविड भाषेची उदाहरणे दिली आहेत. भात या अर्थाचा ‘चोर्’ हा शब्द कानी पडला की संस्कृतज्ञ त्याला स्वर जोडून ‘चोर’ करतात, साप या अर्थाचा ‘पाप्’ ऐकला की साप हे पापच असे म्हणून समाधान मानतात. जेथे द्राविड भाषेची ही गत, तेथे पारसिक, यवन, रोमक यांच्या भाषांचे काय होईल, अशी चिंता तो व्यक्त करतो. येथे दोष अज्ञानाचा नाही. स्वतःच्या भाषेच्या साच्यात परका शब्द बसवून तो कळला असे मानणाऱ्या आत्मविश्वासाचा आहे.

धर्मप्रसाराच्या इतिहासात या दोषाचे एक गंभीर उदाहरण सापडते. ज्याचे अवशेष आज जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत आहेत तो फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला, तेव्हा त्याला जपानी जवळजवळ येत नव्हती आणि अंजिरो नावाच्या दुभाष्यावर त्याची भिस्त होती. ईश्वरासाठी त्याने ‘दाइनिची’ हा शब्द स्वीकारला. तो शब्द अस्सल जपानी होता, आणि तो ऐकून शिंगोन पंथाच्या भिक्षूंनी त्याचे आपला धर्मबंधू म्हणून स्वागतही केले, कारण दाइनिची हे त्यांच्या उपास्य महावैरोचन बुद्धाचेच नाव होते. पुढे भिक्षूंशी प्रश्नोत्तरे केल्यावर झेवियरच्या हे ध्यानात आले आणि त्याने तो शब्द टाकून लॅटिन ‘देउस’ योजला. त्याने व्याकरणाच्या चुका पुष्कळ केल्या असतील, पण त्या चुका ऐकणाऱ्याला चुका म्हणून कळतात आणि तो त्या मनात दुरुस्त करून घेतो. ‘दाइनिची’ मात्र निर्दोष वाटत असल्यामुळे कोणी दुरुस्त केला नाही.

परधर्माचा शब्द उचलणे हाच प्रमाद होता, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मप्रसारकाने आपल्या मराठी ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द योजला, परंतु 1616 मध्ये तो ग्रंथ रायतूर येथे छापला गेला तोवर त्याने साडेतीन दशकांहून अधिक काळ या लोकांत काढला होता, आणि श्रोत्यांच्या कानाला वैकुंठ म्हणजे काय हे जाणूनच त्याने तो वापरला.

हा प्रश्न आज पुन्हा महाराष्ट्राच्या दाराशी आला आहे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 2024 मध्ये झालेल्या करारानुसार महाराष्ट्रातील कुशल मनुष्यबळ, त्यात परिचारिकाही, जर्मन शिकून तेथे जाणार आहे. रुग्णाशी बोलताना परिचारिकेकडून ‘डेअर’ आणि ‘डी’ या लिंगदर्शक उपपदांची अदलाबदल झाली तर फारसे बिघडत नाही. परंतु ‘हाल्ब आख्ट’ हे शब्द तिने अचूक ऐकले आणि इंग्रजीच्या वळणाने त्यांचा अर्थ साडेआठ असा घेतला, तर औषधाला एक तास उशीर होईल, कारण जर्मनमध्ये त्याचा अर्थ साडेसात असा होतो. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या श्रेणीत मधल्या ‘बी2’ पातळीवर निर्दोष व्याकरणाची अपेक्षा नाही, गैरसमज होईल अशा चुका होऊ नयेत एवढी आहे. आणि न कळलेले पुन्हा विचारून स्पष्ट करून घेणे ही त्या श्रेणीत एक स्वतंत्र क्षमता म्हणून नोंदवलेली आहे.