पळालेला आणि गेलेला

‘देश एक, मग आरोपी न्यायला एवढे सोपस्कार कशाला?’ परराज्यातल्या अटकेची बातमी आली की हा शेरा ठरलेला. सकृद्दर्शनी तो मलाही पटतो. अमेरिकेत आरोपी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर प्रकरण गव्हर्नरच्या वॉरंटपर्यंत जाते. आपल्याकडे कोर्टाचे अटक वॉरंट देशभर कुठेही बजावता येते. चिंचपाड्याजवळच्या नवापूर स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. ही हद्दही तशी कालपरवाची. १ मे १९६० ला पश्चिम खानदेशातली दीडशेच्या वर गावे गुजरातेत गेली. त्याआधीची जुनी सरहद्द सोनगडकडे, गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची. संस्थानातला आरोपी ब्रिटिश मुलखात येऊन लपला, तर १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्याप्रमाणे पोलिटिकल अधिकाऱ्याचे वॉरंट जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे यायचे. संस्थानांबरोबर तो प्रकार संपला, ते बरेच झाले.

अडचण येते ती जुन्या वॉरंटापाशी. किरकोळ गुन्ह्याची दखल घ्यायला कायद्याने मुदत घातली आहे, वॉरंटाला मात्र नाही. बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत ते जिवंत. दारूच्या केसचेच घ्या. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला सारखाच आला. महाराष्ट्राने परवाने सैल केले, गुजरातेने बंदी कायम ठेवली. परिणामी नवापुरात दुकानातून उघडपणे घेतलेली बाटली उच्छलच्या बाजूला गेली की गुन्हा ठरते. समन्स निघते, पण दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला गेलेली असतात. घर बंद, तारीख चुकते, आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट. छापील कागद, नाव, बापाचे नाव, ‘रा. चिंचपाडा, ता. नवापूर’, कोर्टाचा शिक्का आणि मागे शेरा: ‘आरोपी मिळून आला नाही’. त्या शेऱ्यात पळालेला आणि गेलेला एकच होऊन बसतात. माझे सगळे भांडण एवढ्याच भेदासाठी आहे. ज्या राज्याचे कोर्ट त्याला शोधते आहे, त्याच राज्याच्या उसात तो कोयता चालवत असतो, हेही शक्य आहे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा तेवढा वजनदार आहे. वॉरंटाचे वय मोजायला लागलात तर लपण्यात जो मुरला त्यालाच बक्षीस मिळेल. खुनातल्या फिर्यादीने मग कुणाकडे पाहायचे? याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. गंभीर गुन्ह्यात वय मोजू नये, हे मला मान्य. पण ‘फरार’ घोषित करायलाही तो पळाला किंवा लपला असे मानण्यास कोर्टापुढे काही कारण लागते. पोलीस घरी कोणत्या महिन्यात गेले, शेजाऱ्यांनी काय सांगितले, हे कागदावर यावे, एवढे मागितल्याने खुनी सुटत नाही. बाकी ‘निर्दोष असेल तर घाबरतो कशाला’ हा युक्तिवाद ज्याने रोजंदारी बुडवून परक्या जिल्ह्यातल्या कोर्टाच्या तारखा केलेल्या नाहीत, त्यानेच करावा.

आता त्या सोपस्कारांकडे पाहा. जिल्ह्याबाहेर वॉरंट बजावले तर आरोपीला अटकेच्या भागातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस अधीक्षकापुढे न्यायचे; मात्र वॉरंट काढणारे कोर्ट तीस किलोमीटरच्या आत असेल तर त्याची गरज नाही. जुन्या संहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे सोलापुरात पकडलेल्याला जो थांबा मिळतो, तो उच्छलच्या वॉरंटावर चिंचपाड्यात पकडलेल्याला मिळेलच असे नाही. अंतर कमी, पण कागद गुजरातीत आणि माणूस मावची बोलणारा. गावित, वसावे, वळवी ही आडनावे घरोघरची. नेमका हाच तो, हे ताडून पाहण्याची गरज इथेच जास्त. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दिल्लीत गौतम नवलखा यांना अटक केली, ती वॉरंटाशिवाय होती. पण तिथे कागद मराठीत होते, दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याने ट्रान्झिट रिमांड दिला आणि उच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. नामवंताच्या बाबतीत जे उच्च न्यायालयापर्यंत गेले, ते ऊसतोड्याच्या बाबतीत तहसील कचेरीपर्यंतही जात नाही.

तेव्हा सोपस्कार कमी करा, हे म्हणणे आता माझ्याच्याने होत नाही. उलट तीस किलोमीटरची सूट राज्याच्या हद्दीपाशी थांबावी, आरोपी न्यायाधीशापुढे उभा राहावा आणि ओळखीबरोबर हे वॉरंट इतकी वर्षे का पडून होते, हेही तिथे विचारले जावे. अजामीनपात्र गुन्ह्यातही अटकेच्या जिल्ह्यातल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला किंवा सत्र न्यायाधीशाला जामीन देता येतो, ही तरतूद आजही पुस्तकात आहे. पण ती वापरायची तर गाडी सोनगडच्या पुढे जायच्या आत कुणीतरी नंदुरबारात वकील गाठायला हवा.