हार-जीत नसलेला खेळ

लंगडी खेळताना दोन्ही पाय टेकले, तर समोरचा गडी सहज हाती लागेल. तरीही आपण एक पाय उचलून धरतो. सोपा मार्ग मोकळा असताना अवघड मार्ग आपखुशीने पत्करणे, हेच खेळाचे लक्षण होय, अशा आशयाची व्याख्या बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली मांडली. व्याख्या मोठी नेटकी आहे. परंतु अलीकडे संगणकावर व मोबाइलवर अशा काही छोट्या कलाकृती अवतरल्या आहेत की, ज्यांत अडथळा नावापुरताच असतो. गुण नाहीत, शत्रू नाही, हरणेही नाही. एक गोष्ट असते. ती आपल्या बोटांच्या हालचालीने पुढे सरकते आणि तासा-दोन तासांत संपते. यांना व्हिडिओ गेम म्हणावे काय? सराईत खेळाडूंपैकी अनेकजण नकारार्थी मान हलवतात.

वाद केवळ शब्दाचा आहे, असे समजू नये. स्टीम या विक्रीस्थळाच्या २०१५ पासूनच्या नियमानुसार, दोन तासांहून कमी वेळ खेळलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. गोष्टच दीड तासाची असेल, तर ती संपूर्ण अनुभवून पैसे परत मागता येतात! 'समर ऑफ ५८' या छोटेखानी भयकथेचा निर्माता एमिका गेम्स या नावाने काम करीत असे. नेमक्या याच कारणाने त्याने २०२१ साली गेम-निर्मिती अनिश्चित काळासाठी सोडत असल्याचे जाहीर केले. पडदा पडल्यावर नाटकाच्या तिकिटाचे पैसे परत मागायला कोणी जात नाही. खेळाचे मोल मात्र तो किती तास पुरतो यावर ठरू लागले आहे.

आपली मराठी या बाबतीत उदार आहे. तंबूतल्या सिनेमाचाही 'खेळ' होत असे आणि बाहुल्यांचाही खेळच असतो. आमच्या परभणी जिल्ह्यातील पिंगळीशी नामसाधर्म्य असलेले कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी यांसाठी प्रसिद्ध आहे; तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण शब्दाच्या या औदार्याने प्रश्न सुटत नाही. तेथे खेळवणारा एक आणि पाहणारे अनेक.

उत्तर मला भातुकलीत सापडते. पिंगळीच्या एखाद्या ओसरीवर मुली इवलीशी चूल मांडतात, तेव्हा कोण जिंकले हे कोणी विचारत नाही. पुढे काय होणार तेही ठरलेले असते: भात शिजणार, पाहुणे येणार, बाहुलीचे लग्न लागणार. तरी जी मुलगी दूर बसून नुसती पाहते, ती खेळली असे आपण म्हणत नाही. हात घालावाच लागतो. माझ्या मते कसोटी हीच. गोष्ट आपल्या हातून घडल्यामुळे तिचा अर्थ काही वेगळा होतो काय? होत असेल, तर तो खेळ, मग अर्ध्या तासाचा का असेना.

ऑस्ट्रेलियात निर्माण झालेला 'फ्लॉरेन्स' हा २०१८ सालचा गेम अशाच अल्प अवधीचा. एक तरुणी आणि भारतीय वंशाचा एक चेलोवादक तरुण यांची ही प्रेमकथा. त्यांच्या पहिल्या भेटीत प्रत्येक वाक्य आपल्याला तुकडे जुळवून तयार करावे लागते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शब्द आपसूक येऊ लागतात. संकोच कसा विरघळतो, हे सांगितले जात नाही. ते बोटांना कळते.

याहून कठीण उदाहरण 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' याचे. रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल कर्करोगाने २०१४ साली, वयाच्या पाचव्या वर्षी मरण पावला. त्याच्या आजारपणाची ही कहाणी जानेवारी २०१६ मध्ये गेमच्या रूपाने प्रसिद्ध झाली. बालकाच्या मृत्यूला खेळ म्हणणे, ही क्रूर थट्टा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु त्यातील रुग्णालयाचा प्रसंग पाहावा. मूल तहानेने व्याकूळ होऊन रडते आहे. बाप त्याला घेऊन फिरतो, पाणी-रस देऊ पाहतो. पोटात काही ठरत नाही, रडे थांबत नाही. खेळणारा जे जे करून पाहतो ते ते व्यर्थ जाते. अखेरीस उरते ती प्रार्थना. प्रत्येक अडचणीवर कोठेतरी एक कळ असतेच, ही सवय इतर खेळांनी हाताला लावलेली असते. म्हणूनच येथील असहायता हाताला झोंबते. पुस्तकात वाचणारा त्या बापाबद्दल हळहळेल, पण त्याचा स्वतःचा हात निष्फळ ठरलेला नसेल. म्हणून ही कहाणी खेळ आहे, आणि खेळ असल्यानेच ती थट्टा ठरत नाही.

हा गेम इतरांनी खेळतानाची चित्रफीत पाहून कित्येकांनी समाधान मानले आणि तो विकत घेतला नाही, अशी खंत पुढे रायन ग्रीन यांनी व्यक्त केली. बापाची येरझार त्या प्रेक्षकांना दिसली असेल, पण ती त्यांनी घातली नव्हती.

उलट, ज्यांत बोट फक्त पान उलटण्यापुरते लागते, अशाही पुष्कळ कलाकृती आहेत. त्या चित्रफितीवर पाहिल्या तरी काही उणे पडत नाही. त्यांना मी गेम म्हणणार नाही, चित्रकथा म्हणेन. पिंगुळीच्या पोथ्यांना ते नाव कधी कमीपणाचे वाटलेले नाही.