नोहाचं डांबर

पॅसिफिकमधल्या तुवालूच्या नऊ बेटांवर एकही नदी नाही. छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरतं, प्यायचं पाणी मुख्यतः तेच. २०११ साली पाऊस रुसला तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. उलट उधाणाच्या भरतीला राजधानी फुनाफुटीत समुद्र जमिनीतून वर येतो, कारण खालचा प्रवाळ सच्छिद्र आहे. शौचखड्ड्यांतली घाण घेऊन तो अंगणात साचतो आणि पुरलेल्या टाकीला तडा असला तर आत शिरतो. पुन्हा जलप्रलय आणणार नाही असा शब्द बायबलमध्ये देवाने नोहाला दिलाय, मेघधनुष्य ही त्याची खूण, असं इथले अनेक ख्रिस्ती मानतात. मग टाक्या उंचावणं म्हणजे त्या शब्दावर अविश्वास नव्हे काय?

हा प्रश्न भोळा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण उद्धटपणाचं. त्याचं उत्तर त्याच कथेत आहे. प्रलयातून वाचण्यासाठी देवाने नोहाला जहाजाची मापं दिली होती: तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, आणि आतून-बाहेरून डांबर. कुणी म्हणेल, डांबर करारापूर्वीचं. शब्द मिळाल्यावर त्याची गरज काय? पण तो शब्द अवघी पृथ्वी बुडवणाऱ्या प्रलयाबद्दल आहे. एखाद्या बेटाची विहीर खारी होणार नाही, अशी हमी त्यात नाही. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळाच्या लाटा नुई बेटावर शिरल्या, तेव्हा देवाने शब्द मोडला म्हणायचं, की आपणच तो नीट वाचला नव्हता?

याहून वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. कथेत बुडतात ते अपराधी; इथे हवामान तापवणारा धूर सोडला इतरांनी आणि पाणी आलं जेमतेम ११ हजारांच्या दारात. त्यांनाच ‘टाक्या सांभाळा’ सांगणं अन्यायाचं नाही का? आहे, आणि म्हणून खर्च बाहेरून यायला हवा. पण हा हिशेब मिटेपर्यंत तहान थांबत नाही. शिवाय टाकीची कसोटी तारवाच्या उलट: ती तरंगता कामा नये. पाऊस लांबून टाकी रिकामी असताना पाणी चढलं, तर ती उचलली जाते आणि जोडलेले पाइप उखडतात. म्हणून उंच चौथरा, पट्ट्यांनी जखडलेली टाकी, ओव्हरफ्लोचं तोंड पुराच्या रेषेच्या वर. झाकणाखालचं रबर कडक झालं की बदलायचं, रविवार सोडून कुठल्याही दिवशी.