साक्ष आणि न्याय

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ सालच्या कादंबरीतील खटला वाचताना आपण अस्वस्थ होतो. ॲडेला क्वेस्टेड ही इंग्रज तरुणी डॉ. अझीझवर मराबारच्या गुहेत अतिप्रसंगाचा आरोप करते. निकालाआधीच गोऱ्यांच्या क्लबने त्याला दोषी ठरविलेले असते. मात्र साक्ष देताना ती साऱ्या स्वकीयांदेखत आरोप मागे घेते. अझीझ निर्दोष सुटतो.

मग न्याय झाला, असे आपण म्हणावे काय? कायद्यापुरता तो झाला. परंतु झडतीत अझीझच्या मृत पत्नीचे छायाचित्र पोलिसांच्या हाती पडले होते; ती विटंबना कोणता निकाल पुसणार? ॲडेलाला तिचे लोक टाकतात, आणि भारतीयांनाही तिच्याविषयी ओलावा वाटत नाही. फॉर्स्टर कारण सांगतात: तिच्या कबुलीत सचोटी होती, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याविषयी माया नव्हती. अखेरीस अझीझ आणि फील्डिंग यांची मैत्रीही जुळत नाही. एक राज्यकर्त्यांपैकी, दुसरा प्रजेपैकी, ही दरी निकालाने बुजत नाही.

तरीही ॲडेलाचे सत्य आपण हलके लेखू नये. तिने ते उच्चारले नसते, तर एक निरपराध तुरुंगात गेला असता. सत्य हा न्यायाचा उंबरठा आहे, घर नव्हे. आपणही ‘चूक झाली’ एवढे म्हणून मोकळे होतो. दुखावलेल्याच्या दारापर्यंत आपण किती वेळा जातो?