दहा मिनिटं हात लावायचा नाही

या. ओट्यावर बसा.

सकाळचे सहा वाजलेत. मे महिन्यात अमरावतीला हीच एक वेळ, लोखंडाला हात लावता येतो.

समोर गाडी उभी आहे. चारही दारं उघडी. वर निंब. बोनेटवर चार-दोन हिरव्या निंबोळ्या पडल्यात. पडू द्या.

मिस्तरी दहाच्या पान्यानं बॅटरीची मायनसची तार सोडवतो. बाजूला वाकवतो, तिच्यावर फडकं गुंडाळतो. मग हात पुसत म्हणतो, "आता दहा मिनिट कोनी हात नाई लावायचा."

आणि निंबाखाली उकिडवा बसतो.

आपणही बसू.

शेजारच्या अंगणात सडा पडतोय. ओल्या मातीचा वास येतो. तो आत घ्या. सावकाश सोडा.

पुन्हा एकदा.

बॅटरी सुटली तरी गाडी लगेच झोपत नाही. गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या कप्प्याखाली, एक चपटी धातूची डबी असते. एअरबॅगचं मॉड्युल. तिच्या पोटात थोडी वीज साठून राहते. धडकेत बॅटरीच चेपली गेली, तरी बॅग उघडता यावी म्हणून.

ती वीज आता ओसरतेय. काही गाड्यांच्या पुस्तकात एक मिनिट थांबा लिहिलेलं असतं, काहींत तीन, काहींत दहा. मिस्तरी दहाच धरतो. मला तो म्हणूनच आवडतो.

ओसरू द्या.

कुठल्यातरी घरात कूलरमध्ये पाणी भरतायत. बादलीचा आवाज, मग पाण्याचा. ऐका. मग तो थांबतो, तेही ऐका.

आता डोळे मिटा.

स्टिअरिंगमागचा काळा पडदा आठवा. त्यावर एकच दिवा. लाल. एक बसलेला माणूस, अंगावरून तिरपा पट्टा, तोंडासमोर एक गोल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, जत्रेत फुगा घेऊन बसलाय.

त्या दिव्याकडे बघत राहा. तो लुकलुकत नाही. आवाज करत नाही. नुसता आहे.

काल संध्याकाळी अकोल्याहून निघालो, तेव्हापासून तो सोबत आहे. बोरगाव मंजू येतं, दिवा. कुरणखेड येतं, दिवा. मूर्तिजापूर मागे पडतं, दिवा.

पुढे माना ते लोणी. याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये माणसं रात्रंदिवस डांबर टाकत होती. ३ तारखेला सकाळी सुरू केलं, ७ तारखेला संध्याकाळी थांबले. १०५ तास ३३ मिनिटं, एका लेनचे ७५ किलोमीटर. गिनिजमध्ये नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षं ह्याच रस्त्यानं वऱ्हाडाच्या कमरा मोडल्या, ते तेवढं गिनिजला सांगायचं राहिलं.

आता खड्डा नाही. दचका नाही. चाकांचा आवाजही एकसारखा, दूर कुणी जातं फिरवत असावं तसा. अंधार पडत जातो, आणि काचेमागे तो लाल माणूस आणखी स्पष्ट होत जातो.

त्याला काय हवंय?

थांबा. उत्तर द्यायची घाई नको.

आधी सीटकडे बघू. डोळे उघडा.

व्हरांड्यात जुनी सीट ठेवलीय. तिची रेक्झिन उन्हानं तडकली, फाटली. आतला स्पंज दिसतो, पिवळट, चुरा होत आलेला. एवढ्यासाठी मी ती बदलली. अकोल्यात त्याच गाडीची एक वापरलेली सीट मिळाली. कापड चांगलं. चार बोल्ट, चारही भोकं बरोबर. रुळावर सरकली. पाठ टेकवून पाहिली, सुख वाटलं.

चावी फिरवली. सगळे दिवे लागले, सगळे विझले. एक राहिला.

ती सीट खालच्या मॉडेलची होती. चालकापुढची बॅग १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. सीटच्या कुशीतली बाजूची बॅग मात्र बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेललाच मिळायची. वरून दोन्ही सीट सारख्या. फरक शिवणीच्या आत.

जुन्या सीटच्या उजव्या कडेला बघा. दाराकडची बाजू. कापडाची एक चिमुकली पट्टी शिवलेली आहे, नखाएवढी. त्यावर एअरबॅग असं छापलंय. तिच्या वर-खाली शिवण.

बोट लावू नका. नुसतं बघा.

ही शिवण फाटण्यासाठीच घातलेली आहे. बाकी सगळ्या शिवणींनी टिकायचं. हिनं वेळ आली की फाटायचं, आणि तेही पापणी मिटायच्या आत. आपल्याकडे नवी गाडी आली की दुसऱ्या दिवशी जाडजूड कव्हर चढतं, आणि ही शिवण त्याखाली बुजून जाते. बसवणाऱ्याला कुणी विचारतही नाही.

उन्हानं फाडलेली जागा इथे. अजून न फाटलेली जागा तिथे. मध्ये वीतभर अंतर.

त्या वीतभर जागेवर नजर राहू द्या. एक श्वास. आणखी एक.

"काय करून राह्यले भाऊ?" कुंपणापलीकडून काकू विचारतात. हातात झाडू.

"थांबून राह्यलो, काकू."

"कायच्यासाठी?"

"दहा मिनिटांसाठी."

त्या मान हलवतात. झाडू पुन्हा चालू होतो. खर्र, खर्र. तो आवाजही चालेल.

आता सगळ्यात हळू आवाज ऐकू. तो कानाला येत नाही.

गाडी चालू असते तेव्हा ती डबी सीटखालच्या पिवळ्या तारेतून अगदी बारीकसा प्रवाह सोडते. इतका बारीक, की बॅगेला जागही येऊ नये. पलीकडे साधारण दोन ओहमचा अडथळा लागला, की तिला कळतं: कुणीतरी आहे.

आहेस का?

आहे.

आहेस का?

आहे.

तुम्ही गाणी लावता, फोनवर बोलता, मूर्तिजापुरात चहाला थांबायचं की नाही ते ठरवता. खाली हे चालूच असतं. चावी बंद होईपर्यंत.

आणि एक दिवस ती विचारते, आहेस का, आणि पलीकडून काहीच येत नाही.

लाल दिवा म्हणजे एवढंच. उत्तर आलं नाही.

तिथे थोडं राहा. उत्तर न आलेल्या जागेत.

अकोल्याचा दुकानदार वाईट माणूस नव्हता. दिवा बघून म्हणाला, "काई नाई होत भाऊ. एक रेझिस्टर टाकून देतो, बत्ती बंद होऊन जाते." दोन ओहमचा तुकडा. नखाएवढा, अगदी किरकोळ किमतीचा. तो पिवळ्या प्लगात खोचला, की डबीला वाटतं पलीकडे बॅग आहे. ती विचारत राहते, तुकडा हो म्हणत राहतो.

मी नको म्हणालो. सीट बदलण्याच्या ह्या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केलेली गोष्ट ती एवढीच.

मिस्तरी मनगटावरचं घड्याळ बघतो. उठत नाही.

अजून थोडं.

निंबातून ऊन खाली यायला लागलंय. एक कवडसा सीटच्या शिवणीवर पडतो, वारा येतो, कवडसा सरकतो. त्याच्यामागे नजर जाऊ द्या. परत आली की येऊ द्या.

श्वास आत.

श्वास बाहेर.

"चला," मिस्तरी म्हणतो.

अकोल्याची सीट सोडवून बाहेर ठेवतो. मग आम्ही दोघं जुनी सीट धरतो. जड आहे. दारातून तिरपी करून आत. तो गाडीच्या तळाशी हात घालतो आणि पिवळी तार वर काढतो. जवळून बघा: पिवळी नळी, पिवळा प्लग. एअरबॅगच्या तारा बहुतेक गाड्यांत पिवळ्याच, इतर तारांच्या गुंत्यात चुकून हात पडू नये म्हणून. सीटकडच्या प्लगच्या आत धातूची एक बारीक पट्टी आहे. प्लग सुटा असेपर्यंत ती दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून ठेवते, भटका प्रवाह आत जाऊ नये म्हणून. जोड बसला की ती आपणहून मागे सरते.

गप्प राहा आता. हा आवाज ऐकण्यासारखा आहे.

टक्.

एवढाच.

चार बोल्ट. चौदाचा पाना. बॅटरीची तार परत जागेवर. मिस्तरी गाडीबाहेर उभा राहूनच हात लांब करून चावी फिरवतो.

लाल माणूस उगवतो. आपण मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात. आठ.

तो तसाच आहे.

दचकू नका. प्लग सुटा असताना अकोल्यात मी चावी फिरवली होती. डबीनं ते लिहून ठेवलंय. जोड आता बसला, तरी लिहिलेलं राहतं. मिस्तरी पिशवीतून स्कॅनर काढतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावतो. पडद्यावर एक कोड. चालकाच्या बाजूची बॅग, सर्किट उघडं. कालची तक्रार. तो ती वाचतो, मलाही वाचायला देतो, आणि मगच पुसतो.

चावी बंद.

चावी चालू.

लाल माणूस उगवतो. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

काच काळी.

कवडसा आता सीटवरून उतरून गाडीच्या तळाशी गेलाय. काकूंचं अंगण झाडून झालंय. मिस्तरी पाणी मागतो.

उद्या सकाळी तुमच्या गाडीत बसाल. चावी फिरवाल. लगेच निघू नका. तो दिवा लागतो का बघा. लागलाच नाही, तर तो बिघडलाय किंवा कुणीतरी काढून ठेवलाय, गाडी आधी दाखवून आणा. लागला, तर सहा मोजा, आणि विझतो का बघा.