समोर कोण होते?

रॉकी मार्सियानो या अमेरिकी मुष्टियोद्ध्याची सारी कारकीर्द दोन आकड्यांत मावते : 49 विजय, 0 पराभव. हेवीवेट गटात अपराजित राहून निवृत्त झालेला जगज्जेता म्हटले की आजही पहिल्यांदा त्याचेच नाव घेतले जाते. मुहम्मद अलीच्या नावापुढे 56 विजय आहेत आणि 5 पराभव. नुसते आकडेच पाहायचे, तर वाद इथेच मिटायला हवा. पण तो मिटत नाही. श्रेष्ठ कोण, असे विचारले की या खेळावर जीव टाकणारे बरेच जण पाच वेळा हरलेल्या अलीकडेच बोट दाखवतात. ते आंधळ्या प्रेमापोटी बोलतात असे मला वाटत नाही. किती लढती जिंकल्या हे आकडा सांगतो. समोर कोण होते, हे तो सांगत नाही. ते पाहायला त्या लढतींपर्यंतच जावे लागते.

26 ऑक्टोबर 1951 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मार्सियानोने जो लुईला आठव्या फेरीत हरवले. जो लुई म्हणजे जवळपास बारा वर्षे जगज्जेतेपद राखलेला माणूस. पण त्या रात्री रिंगणात उतरलेला लुई 37 वर्षांचा होता. आयकराची थकबाकी डोक्यावर होती, म्हणून निवृत्ती मोडून तो परतला होता. मार्सियानोच्या ठोशांनी तो दोरांमधून बाहेर फेकला गेला. लढतीनंतर मार्सियानो त्याच्या खोलीत गेला आणि रडला. ज्याला मान द्यायचा, त्यालाच आपण पाडले, हे त्याला आतून कळले होते.

29 वर्षांनी हेच पुन्हा घडले. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगासमध्ये लॅरी होम्सपुढे अली उभा राहिला. होम्स एके काळी अलीच्या सरावात त्याचे ठोसे झेलत घडलेला. अली 38 वर्षांचा, दोन वर्षे खेळापासून दूर, पायांतली चपळाई गेलेली. दहा फेऱ्या संपल्यावर अलीच्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. अलीला वेळेआधी थांबायला लावणारी त्याच्या कारकिर्दीतली ही एकमेव लढत. होम्सही नंतर रडला. दोन्ही विजय नोंदवहीत इतर विजयांसारखेच लिहिलेले आहेत. पण जिंकणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याने त्यांची खरी किंमत त्याच रात्री सांगून टाकली होती. प्रतिस्पर्ध्याचे नाव मोठे असून भागत नाही. तो कोणत्या वयात, कोणत्या बळाने समोर आला, हेही पाहावे लागते.

मग मार्सियानो लहान ठरतो का? मुळीच नाही. 23 सप्टेंबर 1952 रोजी फिलाडेल्फियात त्याने जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद घेतले. वॉलकॉट 38 वर्षांचा होता खरा, पण पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडले. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणांवर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि सारे फिरले. पुढे 1954 मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला पूर्ण पंधरा फेऱ्या झुंजवले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लढतीत नाक फाटून रक्त वाहत असताना मार्सियानोने आठव्या फेरीत चार्ल्सला बाद केले. 1955 मध्ये आर्ची मूरनेही आधी त्याला खाली पाडले आणि मगच तो स्वतः हरला. आपल्या काळात जे चांगले होते, त्यांच्याशी मार्सियानो लढला. ते उताराला लागले होते, हा त्याचा दोष नव्हे. माणसाला आपला काळ निवडता येत नाही. पण त्या काळात कुणाला टाळायचे आणि कुणाला नाही, एवढे मात्र त्याच्या हातात असते.

हे जो लुईने ओळखले होते. 1936 मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले. पुढच्या वर्षी लुई जगज्जेता झाला, तरी श्मेलिंगला हरवल्याशिवाय स्वतःला जगज्जेता मानायला तो तयार नव्हता. 22 जून 1938 रोजी यांकी स्टेडियमवर त्याने हा हिशेब दोन मिनिटे चार सेकंदांत चुकता केला. कारकिर्दीत त्याने विजेतेपद एकूण 25 वेळा राखले. डिसेंबर 1940 ते जून 1941 या सात महिन्यांत तो सात वेळा विजेतेपद पणाला लावून लढला. त्याच्यापुढे आलेल्यांची तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी टवाळी केली, दर महिन्याला एक बिनकामाचा गडी गाठतो असे म्हटले. पण त्या सात जणांतला शेवटचा बिली कॉन होता. तो खालच्या वजनगटातून आलेला, अंगाने हलका. बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या गुणांवर तो पुढे होता. तेराव्या फेरीत, फेरी संपायला अवघे दोन सेकंद उरले असताना लुईने त्याला बाद केले. जो सर्वांसाठी दार उघडे ठेवतो, त्याच्या दारात केव्हातरी असा माणूस येणारच. लुईचे थोरपण मला त्या उघड्या दारात दिसते.

आता अलीच्या पाच पराभवांकडे वळू. त्यांतला पहिला 8 मार्च 1971 चा. अली आणि जो फ्रेझर, दोघेही तोवर अपराजित. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने अली जमिनीवर आला, उठला, आणि गुणांवर हरला. 1973 मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला आणि त्याला हरवले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. ज्याने अलीला हरवले, त्याची ही गत करणाऱ्या फोरमनपुढे अली 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासात उभा राहिला. दोरांना टेकून तो फोरमनचे ठोसे अंगावर घेत राहिला आणि फोरमन दमल्यावर आठव्या फेरीत त्याने त्याला बाद केले. नॉर्टनशी तो तीनदा लढला, फ्रेझरशी तीनदा. हरवणाऱ्याकडे परत जायचे, हा अलीचा शिरस्ताच होता.

1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलात अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे इतके सुजले होते की समोरचा ठोसा त्याला दिसत नव्हता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी, तो नको म्हणत असतानाही, लढत थांबवली. अली जिंकला, पण मरणाच्या दारापर्यंत जाऊन आल्यासारखे वाटले, असे त्यानेही कबूल केले. फ्रेझरच्या नावावर अवघे चार पराभव आहेत, आणि त्याला हरवणारे दोघेच : अली आणि फोरमन. त्याचे चार पराभव कित्येकांच्या चाळीस विजयांहून जड आहेत.

या नात्याची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. सैन्यात जायला नकार दिल्याने अलीवर बंदी आली, तेव्हा त्याला परत खेळू द्यावे म्हणून फ्रेझरने शब्द टाकला होता, पैशाचीही मदत केली होती. पुढे अलीने लढतींच्या प्रचारात त्याला फार जिव्हारी लागणारी नावे ठेवली. फ्रेझरने ते दुःख वर्षानुवर्षे बाळगले. 2001 मध्ये अलीने जाहीरपणे चूक कबूल केली. 2011 मध्ये फ्रेझर गेला, तेव्हा आजाराने थकलेला अली त्याच्या अंत्यसंस्काराला हजर होता. ज्याने आपल्याला मोठे केले त्याचे ऋण अलीने मान्य केले, पण फार उशिरा. हे मान्य करायला आपण इतका उशीर लावू नये.

लॅरी होम्सची गोष्ट याच्या उलट. 1978 मध्ये नॉर्टनशी पंधरा फेऱ्यांची अटीतटीची लढत जिंकून तो जगज्जेता झाला, सात वर्षे टिकला, सलग 48 लढती जिंकला आणि मार्सियानोच्या आकड्याला एकच विजय उरला असताना 1985 मध्ये मायकल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. त्याचा डावा जॅब हा हेवीवेट गटातल्या सर्वोत्तम ठोशांपैकी एक मानला जातो. तरी अलीएवढे प्रेम त्याच्या वाट्याला आले नाही. अली संपत असताना तो आला, आणि ज्याच्यामुळे त्याचे सारे बळ जगापुढे आले असते असा फ्रेझर त्याला भेटलाच नाही. उणीव त्याच्यात नव्हती. तोलामोलाची साथ त्याला लाभली नाही.

आणि ज्यांना समोर येऊच दिले नाही, त्यांचे काय? जगज्जेता असताना जॉन एल. सलिव्हनने काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढायला उघड नकार दिला, म्हणून पीटर जॅक्सनला जगज्जेतेपदाची लढत कधी मिळाली नाही. जॅक डेम्प्सी 1919 ते 1926 जगज्जेता होता. काळा मुष्टियोद्धा हॅरी विल्स त्याच्याशी लढण्याची वाट पाहत राहिला, करार झाला, लढत झाली नाही. सॅम लँगफर्डची व्यथा त्याहून खोल. पहिला काळा हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन 1906 मध्ये त्याच्याशी लढला होता, जिंकलाही होता. पण 1908 मध्ये विजेतेपद मिळाल्यावर त्यानेही लँगफर्डला संधी दिली नाही. विल्स आणि लँगफर्ड मग एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढत राहिले. लँगफर्डची दृष्टी गेली. 1944 मध्ये एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका खोलीत, अंध आणि निर्धन अवस्थेत सापडला. जॉन्सननंतर दुसऱ्या काळ्या जगज्जेत्याला, म्हणजे लुईला, 1937 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या मधल्या वर्षांतल्या प्रत्येक जगज्जेत्याच्या विजयांत न झालेल्या लढतींची वजाबाकी आहे. ती कुठल्याही तक्त्यात छापलेली नसते.

आपणही रोज माणसांची तुलना करतो : गुणांची, पगारांची, पदव्यांची. मुलांचीसुद्धा. तेव्हा आकड्यावर थांबू नये. याच्यासमोर कोण होते, केव्हा होते, आणि कुणाला येऊ दिले नव्हते, एवढे विचारावे. सोप्या वाटेवर न हरलेल्यापेक्षा अवघड वाटेवर चारदा पडलेला पुढे असू शकतो. स्वतःकडे पाहतानाही हीच कसोटी लावावी. ज्यांच्यापुढे जिंकणे ठरलेलेच आहे, अशीच माणसे भोवती जमवली, तर आपले शून्य पराभव पोकळ राहतील. ज्याने आपल्याला हरवले त्याच्याकडे पुन्हा जावे, आपल्याहून सरस असलेल्याला दार उघडावे, आणि ज्याच्यामुळे आपण वाढलो त्याला ते त्याच्या हयातीत सांगावे. आज असे एक जरी नाव आठवले, तर त्याला आजच फोन करावा.